मोबाईलचं जीपीएस नेमकं किती अचूक असतं? निळ्या टिंबापेक्षा त्याभोवतीचं वर्तुळ बघा!

"दादा, लोकेशनवर आलोय, पण इथे तर नुसती भिंत आहे!"

डिलिव्हरीवाल्याचा असा फोन आला नाही, असं घर आता शहरात शोधून सापडायचं नाही. मग सुरू होतं, "मागच्या गल्लीत या, मारुतीच्या देवळापाशी डावीकडे वळा..." फोन ठेवला की शिव्या पडतात जीपीएसला. आणि गंमत बघा, तोच फोन रविवारी एखाद्या मोकळ्या पठारावर नेला, तर तुम्ही पायवाटेच्या कुठल्या बाजूला उभे आहात हेसुद्धा बऱ्यापैकी बरोबर सांगतो. मग या यंत्रावर भरवसा ठेवायचा की नाही?

याचं उत्तर फोन स्वतःच देत असतो, आपण ते वाचत नाही इतकंच. गूगल मॅप्समध्ये निळ्या टिंबाभोवती एक फिकट निळं वर्तुळ असतं. कधी ते टिंबाला चिकटलेलं असतं, तर कधी अख्खी कॉलनी व्यापतं. व्हॉट्सॲपवर करंट लोकेशन पाठवताना त्या पर्यायाखाली बारीक अक्षरांत 'अमुक मीटरपर्यंत अचूक' असं लिहिलेलं असतं. फोनचं खरं म्हणणं ते आहे. "तुम्ही इथे आहात" असं तो म्हणतच नाही. "तुम्ही बहुधा या वर्तुळात कुठेतरी आहात" एवढंच तो सांगतो.

त्यातही 'बहुधा' हा शब्द महत्त्वाचा. अँड्रॉइड ज्या अचूकतेचा आकडा ॲपला देतो, त्याचा अर्थ असा की १०० पैकी साधारण ६८ वेळा तुम्ही त्या अंतराच्या आत असाल. म्हणजे जवळपास तीनातून एकदा तुम्ही वर्तुळाच्या बाहेर असू शकता आणि तरीही फोन खोटं बोलला असं म्हणता येणार नाही. जेवणाचं पार्सल पाच मिनिटं उशिरा आलं तर फार बिघडत नाही. पण रात्री हायवेवर अपघात झालाय, किंवा डोंगरात कुणाचा पाय मोडलाय आणि लोकेशन पाठवायचंय, तेव्हा हे वर्तुळ वाचता येणं फार कामाचं ठरतं.

आधी एक गैरसमज काढून टाकू

उपग्रह आपल्याला 'बघत' नाही. आपला फोन उपग्रहाला काहीही पाठवत नाही. जीपीएसचा कारभार एकतर्फी आहे, आकाशवाणीसारखा. तिकडून प्रक्षेपण होतं आणि इकडे फोन फक्त ऐकतो. म्हणून जगात कितीही फोन एकाच वेळी जीपीएस वापरत असले तरी उपग्रहांवर काडीचा ताण येत नाही.

अमेरिकेच्या जीपीएसचे ३० च्या आसपास उपग्रह जमिनीपासून साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं आणि प्रत्येक जण सतत एकच गोष्ट सांगत असतो, "मी इथे आहे आणि आत्ता माझ्या घड्याळात इतके वाजलेत." हा संदेश फोनपर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. तीन-चार उपग्रहांपासूनची अंतरं कळली की जागा कळते.

गणित सोपं आहे, अडचण घड्याळाची आहे. प्रकाश आणि रेडिओलहरी एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ३०० मीटर जातात. म्हणजे फोनचं घड्याळ एवढंसं चुकलं तरी तुम्ही तीन गल्ल्या पलीकडे! फोनमध्ये अणुघड्याळ बसवणं शक्य नाही, तिथे स्वस्तातला क्वार्ट्झचा तुकडा असतो. म्हणून जागेसाठी तीन उपग्रह पुरले असते तरी फोनला किमान चार लागतात. चौथा उपग्रह फोनच्या घड्याळाची चूक शोधून देतो. फोनचं घड्याळ जीपीएस चालू असताना इतकं बिनचूक होतं ते यामुळेच.

मोकळ्या आकाशाखाली: पाच मीटर

अमेरिकी सरकारच्या जीपीएसविषयक अधिकृत माहितीत स्मार्टफोनसाठी एक आकडा दिला जातो: मोकळ्या आकाशाखाली साधारण ४.९ मीटर. म्हणजे १६ फूट, एखाद्या मोठ्या खोलीची लांबी. हातात मावणाऱ्या, शंभर कामं करणाऱ्या वस्तूसाठी हे कौतुकास्पदच आहे. २ मे २००० पर्यंत तर अमेरिका नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम गडबड घालायची, तेव्हा स्वतंत्र, महागडं जीपीएस यंत्र घेऊनही १०० मीटरची चूक गृहीत धरावी लागायची.

पण या आकड्यातला 'मोकळ्या आकाशाखाली' हा भाग लोक विसरतात. उपग्रहाचा सिग्नल निघताना त्याची शक्ती जुन्या पिवळ्या बल्बइतकीच असते. वीस हजार किलोमीटर पार करून तो आपल्यापर्यंत येतो तेव्हा इतका क्षीण झालेला असतो की काँक्रीटचा स्लॅब, पत्र्याचं छत, इतकंच काय आपलं शरीरसुद्धा त्याला अडवतं. फोन सॅकच्या तळाशी, डब्याखाली कोंबून ट्रॅक रेकॉर्ड करणाऱ्याला घरी आल्यावर नकाशावर वेडीवाकडी रांगोळी दिसते, ती त्यामुळे.

पावसाला मात्र उगाच दोष दिला जातो. जीपीएस ज्या फ्रिक्वेन्सीवर चालतं तिला ढग आणि पाऊस जवळपास पारदर्शक आहेत. पावसाळी जंगलात जीपीएस खरोखर कमजोर पडतं, पण त्याला कारण दाट, पाण्याने निथळणारी पानं. पानांतलं पाणी सिग्नल शोषून घेतं.

शहरात काय बिघडतं?

शहरात सिग्नल अडतो हे तर आहेच, पण खरा घोळ घालतो तो परावर्तित झालेला सिग्नल. मुंबईतला मोहम्मद अली रोड डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंना सलग इमारती, वर जे. जे. उड्डाणपूल. पुलाखाली उभं राहिलात तर आकाशाची जेमतेम पट्टी दिसते. त्यामुळे बऱ्याच उपग्रहांचा सिग्नल थेट न येता समोरच्या भिंतीवर आपटून येतो. आपटून आला म्हणजे जास्त अंतर कापून आला. फोनला ते कळत नाही. तो समजतो की उपग्रहच तेवढा लांब आहे, आणि तुम्हाला उचलून रस्त्याच्या पलीकडे ठेवतो. मागच्या गल्लीतून येणारे डिलिव्हरीवाले बहुतेक या आपटलेल्या सिग्नलचे बळी असतात.

जमीन मोजणाऱ्या सर्व्हेयरच्या यंत्राला हा त्रास फार कमी होतो. जीपीएसच्या लहरी एका विशिष्ट दिशेने पीळ घेत येतात आणि भिंतीवर आपटल्या की त्यांचा पीळ बहुतेक उलटा होतो. सर्व्हेयरचा थाळीएवढा अँटेना उलट्या पिळाच्या लहरी बाजूला सारतो. फोनमधला अँटेना असतो बोटाच्या पेराएवढा, तोही कॅमेरा, बॅटरी आणि बाकीच्या अँटेनांच्या दाटीत घुसवलेला. त्याला सरळ काय आणि उलटं काय, सगळं सारखंच. थोडक्यात, फोनच्या जीपीएसची दुबळी बाजू चिप नाही, अँटेना आहे. चिप तर अफाट हुशार झाल्या आहेत.

उंचीच्या बाबतीत गोष्ट आणखी अवघड. उपग्रह सगळे आपल्या वरच असतात, पृथ्वीच्या पोटातून सिग्नल येत नाही, त्यामुळे वर-खालची चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते. कधी दीडपट, कधी दुप्पट-तिप्पट. उड्डाणपूल असतो साधारण सहा-आठ मीटर उंच. म्हणजे तुम्ही पुलावर आहात की पुलाखाली, हे निव्वळ जीपीएसवरून फोनला सांगताच येत नाही. गूगल मॅप्सने २०२४ मध्ये भारतात उड्डाणपुलाची सूचना आधीच द्यायला सुरुवात केली, ती बरीच उशिरा म्हणायची. एकदा पूल चुकला की चुकल्याचं नकाशालाही पटकन कळत नाही, तो आपला वरूनच रस्ता दाखवत राहतो.

कोकणात समुद्रकिनारी उभं राहून एखादं उंची दाखवणारं ॲप उघडलं आणि त्याने 'उणे ५०' किंवा त्याहूनही खालचा आकडा दाखवला, तर घाबरू नका. ॲप बिघडलेलं नाही. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत, गणिती आकारापासून. प्रत्यक्ष समुद्राची पातळी गुरुत्वाकर्षणामुळे या आकाराच्या कुठे वर, कुठे खाली असते आणि भारतीय उपखंडाच्या दक्षिणेला ती जगात सगळ्यात जास्त खाली गेलेली आहे. महाराष्ट्रातही हा फरक ५० मीटरहून जास्त भरतो. चांगली ॲप तो दुरुस्त करून दाखवतात, काही करत नाहीत. अशा ॲपवर कळसूबाईचं १६४६ मीटरचं शिखर पन्नास-साठ मीटरने बुटकं होतं.

घरात दिसणारं टिंब जीपीएसचं नसतं

तिसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली बसून मॅप उघडला तरी टिंब बरोबर आपल्या सोसायटीवर दिसतं. हे कसं? तर तिथे फोन बहुतेक वेळा जीपीएसकडे बघतच नाही. आजूबाजूला कुठले वाय-फाय राउटर ऐकू येतात, कुठला टॉवर जवळ आहे, याची यादी तो गूगल किंवा ॲपलच्या साठ्याशी ताडून बघतो आणि अंदाज बांधतो. शहरात हा अंदाज बरा निघतो. वाय-फाय विरळ असलेल्या गावात टॉवरवरच भागवावं लागतं, मग चूक शेकडो मीटरवर, कधी किलोमीटरवर जाते. वर्तुळ फुगून गावभर पसरतं ते याच वेळी.

मुंबईच्या कोस्टल रोडचा बोगदा दोन किलोमीटरचा आहे. त्यात उपग्रह नाहीत, पण टिंब काही काळ पुढे सरकत राहतं. तिथे फोन शेवटचा वेग धरून, आतल्या सेन्सरच्या मदतीने अंदाजपंचे चाललेला असतो. बाहेर पडल्यावर टिंब अचानक उडी मारतं, तो हिशोब जुळवल्याचा क्षण.

टिंबातून निघणारा दिशादर्शक झोतही जीपीएसचा नाही, तो फोनमधल्या होकायंत्राचा. चुंबकाचं कव्हर किंवा गाडीतला चुंबकाचा होल्डर त्याची दिशा पार बिघडवतो. 'मॅप उलटी दिशा दाखवतोय' अशी तक्रार असेल तर आधी कव्हर काढून बघा.

आणखी एक साधं कारण: २०२० नंतरच्या आयफोनमध्ये आणि २०२१ नंतरच्या अँड्रॉइडमध्ये ॲपला 'अचूक' लोकेशन द्यायचं की 'अंदाजे', हे निवडता येतं. प्रायव्हसीसाठी फार चांगली सोय. पण एकदा घाईत 'अंदाजे' निवडलं की ते ॲप कायम दीड-दोन किलोमीटरच्या अंधारात चाचपडतं, आणि शिव्या पुन्हा जीपीएसला.

नव्या फोनने फरक पडतो का?

पडतो. २०१८ मध्ये शाओमीचा मी ८ आला, तो दोन फ्रिक्वेन्सी ऐकणारा पहिला फोन. जुन्या सिग्नलमधली वेळ मोजायची 'खूण' साधारण ३०० मीटर लांब असते, तर एल५ नावाच्या नव्या सिग्नलमधली ३० मीटर. खूण आखूड असली की थेट आलेला आणि भिंतीवर आपटून आलेला सिग्नल वेगळा ओळखणं सोपं जातं.

दुसरा फायदा आपल्यासाठी विशेष. वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातून येताना सिग्नल रेंगाळतो. विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात हा थर जास्त दाट आणि लहरी असतो, आणि भारताचा बराच भाग या पट्ट्यात मोडतो. सूर्य जास्त सक्रिय असलेल्या वर्षांत, सूर्यास्तानंतरच्या काही तासांत त्रास वाढतो. एक फ्रिक्वेन्सी ऐकणारा फोन ठोकळ सूत्राने ही चूक साधारण निम्मी काढतो. दोन फ्रिक्वेन्सी ऐकणारा ती थेट मोजून जवळपास पूर्ण काढू शकतो. तुमच्या फोनमध्ये ही सोय आहे का, हे अँड्रॉइडवर जीपीएसटेस्ट नावाच्या मोफत ॲपमध्ये दिसतं. उपग्रहांच्या यादीत एल५ किंवा ई५ए दिसलं तर आहे.

'नाविक सपोर्ट' या शब्दांवर मात्र फार भुलू नये. आपली ही यंत्रणा कल्पना म्हणून उत्तम आहे, तिचे उपग्रह भारताच्या आकाशातच राहतील अशी रचना आहे. पण सुरुवातीच्या अनेक उपग्रहांमधली अणुघड्याळं बिघडली आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. आज फोन चांगलं काम करतो तो अमेरिका, रशिया, युरोप आणि चीन अशा चौघांचेही उपग्रह एकदम ऐकतो म्हणून.

कितीही चांगला फोन असला तरी वर्तुळ शून्य होत नाही. टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला. त्यात देशाचे साधारण ४ मीटर बाय ४ मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षरांचा पत्ता दिला आहे. चौकोन चार मीटरचा आणि फोनची चूक पाच मीटरची! म्हणजे दारात उभं राहून फोनवरून घेतलेला डिजिपिन शेजाऱ्याचा निघणं अगदी शक्य आहे. नकाशावर आपलं छप्पर बघून, बोटाने जागा पक्की करून मगच तो लिहून ठेवावा.

रोज सकाळी धावून आकडे स्टेटसला टाकणाऱ्यांसाठीही एक वाईट बातमी. दर सेकंदाला टिंब दोन-तीन मीटर इकडे-तिकडे डुलतं आणि ॲप ती सगळी नागमोडी वाट जोडून अंतर काढतं. त्यामुळे सरळ रस्त्यावर अंतर बहुतेक खऱ्यापेक्षा थोडं जास्त भरतं. सिग्नलला उभं राहून दम खाताना वाढलेले मीटरही त्यातलेच.

रेंज नसताना, अडचणीत असताना

इंटरनेट नसलं की जीपीएस चालत नाही, हा समज सगळ्यात घातक आहे. जीपीएसला ना सिम लागतं, ना डेटा. आताच्या बहुतेक फोनमध्ये ते फ्लाइट मोडमध्येही चालतं. रेंज नसते तेव्हा नकाशाचं चित्र उतरत नाही, त्यामुळे पांढऱ्या पडद्यावर एकटं टिंब दिसतं आणि माणूस हताश होतो. पण जागा फोनला माहीत असते!

रेंज नसताना पहिल्यांदा जागा सापडायला उशीर मात्र लागतो. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या गोगलगायीच्या वेगाने सांगतो आणि ती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो. इंटरनेट असलं की फोन तीच माहिती क्षणात उतरवून घेतो. नसलं की त्याला उपग्रहाचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकावं लागतं. झाडीत ते मध्येच तुटतं आणि पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून ट्रेकला निघताना त्या भागाचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवावा आणि पायथ्याच्या गावात, रेंज असतानाच, एकदा मॅप उघडून टिंब स्थिर होऊ द्यावं. कक्षेची ती माहिती पुढचे काही तास चालते.

वर अडकलात, तर कड्याच्या पोटापासून आणि झाडीपासून जमेल तितकं, पण सुरक्षित असेल तेवढंच, मोकळ्यावर या. फोन हातात धरून दोन-तीन मिनिटं थांबा. वर्तुळ लहान होईपर्यंत जागा पाठवायची घाई करू नका. पहिलं टिंब बरेचदा जुन्या जागेचं असतं. मग गूगल मॅप्समध्ये टिंबावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांशाचे आकडे मिळतात. आयफोनच्या कंपास ॲपमध्ये ते खालीच दिसतात, नेटवर्कशिवाय.

हे आकडे साध्या एसएमएसने पाठवा किंवा ११२ वर फोन लागला तर वाचून दाखवा. डेटा चालत नाही अशा एका दांडीच्या रेंजमध्येही एसएमएस कधीकधी निघून जातो. लाइव्ह लोकेशनच्या भरवशावर राहू नका, रेंज गेली की ते गोठतं आणि समोरच्याला तुम्ही तिथेच बसलेले दिसता.

आकडे सांगताना दशांशचिन्हानंतर चार-पाच अंक पुरतात. चौथा अंक म्हणजे ११ मीटर, पाचवा म्हणजे एक मीटर. त्यापुढचे अंक फोन दाखवतो खरा, पण ते त्यालाही ठाऊक नसतात. अक्षांश आधी, रेखांश नंतर. हरिश्चंद्रगड साधारण १९.३८, ७३.७७ वर आहे. हेच दोन आकडे उलटे सांगितले तर बचाव पथकाचा नकाशा नॉर्वेच्या उत्तरेकडच्या थंडगार समुद्रात उघडेल. ती चूक निदान लगेच लक्षात तरी येते. फसवी चूक वेगळीच आहे. काही फोन अंश आणि मिनिटांत आकडे दाखवतात. १९ अंश २३ मिनिटं म्हणजे १९.२३ नव्हे, १९.३८. हा गोंधळ झाला तर जागा १७ किलोमीटरने सरकते आणि तीही सह्याद्रीतच राहते, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. म्हणून आकड्यांसोबत "कोकणकड्याच्या डाव्या हाताला, पाण्याच्या टाक्यापासून अर्धा तास खाली" असं एक वाक्य नक्की जोडा, आणि वर्तुळ किती मीटरचं दिसतंय तेही सांगा. शोधणाऱ्यांना किती परिसर पालथा घालायचा आहे, हे त्यावरून कळतं.